छोटी रीफ टाकी घेताना आधी तिच्या मागे वाकून बघा

रीफ टाकी म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. दुकानात तिचा ऑल-इन-वन प्रकार समोरून बघण्यासाठी मांडलेला असतो. निळा प्रकाश, चकचकीत काच, मागे काळी भिंत. पण ही टाकी तुमच्या घरात दोन वर्षं नीट चालणार की तीन महिन्यांत डोकेदुखी होणार, हे त्या काळ्या भिंतीच्या मागच्या दहा-बारा सेंटिमीटर जागेत ठरतं. म्हणून दुकानदाराला दिवा बाजूला करायला सांगा, मागचं झाकण काढा, मोजपट्टी घ्या आणि आधी मागचे कप्पे मोजा. समोरची शोभा नंतर बघता येते.

पाणी जातं कसं

साध्या समुद्री टाकीला खाली कपाटात पाणी साफ करायची वेगळी संप टाकी असते. ऑल-इन-वनमध्ये तेच काम एकाच काचपेटीत उरकतात. मागच्या बाजूला उभी भिंत आणि तिच्यामागे साधारण तीन कप्पे. टाकीतलं पाणी वरच्या कंगव्यातून, म्हणजे दातेरी फटींतून, पहिल्या कप्प्यात पडतं. तिथे फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) किंवा स्पंज असतो. मग ते मधल्या उभ्या पडद्याच्या खालून दुसऱ्या कप्प्यात येतं, तिथे स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं उपकरण), कार्बन, हीटर. तिथून एका उंबरठ्यावरून ओलांडून तिसऱ्यात, आणि तिसऱ्यातला रिटर्न पंप ते पुन्हा समोर ढकलतो.

यात एक गोष्ट पक्की समजून घ्या. समोरच्या टाकीची पातळी कंगव्यामुळे आणि पहिल्या दोन कप्प्यांची पातळी उंबरठ्यामुळे बांधलेली असते. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की ती सगळी घट एकट्या तिसऱ्या कप्प्यात दिसते.

आता हिशेब करा. तिसरा कप्पा आतून १५ बाय १२ सेंमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ १८० चौरस सेंमी. एक लिटर पाणी उडालं की तिथली पातळी साडेपाच सेंमी उतरते. ८० लिटरच्या उघड्या टाकीवर उन्हाळ्यात पंखा लावला तर दिवसाला दीड ते दोन लिटर सहज उडतं, म्हणजे रोज आठ ते अकरा सेंमी. शनिवारी सकाळी गावाला गेलात तर रविवारी संध्याकाळी पंप हवा ओढत असतो. समोर बारीक बुडबुडे दिसतात, खरखर आवाज येतो, पंप तापतो. हीटर त्याच कप्प्यात असेल तर उघडा पडून तडकतो. कप्पा १० बाय १० चा असेल तर एका लिटरला दहा सेंमी उतार! घेताना हाच आकडा पहिला काढा.

सोबत क्षारता वाढते ती वेगळीच. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. ८० लिटरमधले ४ लिटर उडाले तर ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग क्षार) ३६.८ होते. आठवड्यातून दोनदा असं वर-खाली झालं की आधी झेनिया हे मऊ प्रवाळ मिटतं, मग मशरूम प्रवाळ आकसतात, आणि माणूस दिव्याला दोष देत बसतो.

किती लिटरची घ्यावी

लहान टाकी सोपी असते असं वाटतं. समुद्री टाकीत नेमकं उलट असतं. पाणी जितकं कमी, तितकी प्रत्येक चूक मोठी. चाळीस लिटरच्या खालची टाकी पहिल्यांदा ठेवणाऱ्याने घेऊ नये. एकूण ७५ ते ११० लिटर हा फ्लॅटमध्ये मावणारा आणि हाताळता येणारा आकार आहे.

पेटीवर छापलेला आकडा बहुधा मागचे कप्पे धरून असतो. फ्लुवल इव्हो ५२ लिटरची, रेड सी मॅक्स नॅनो ७५ लिटरची म्हणतात, पण दगड, वाळू आणि कप्प्यांतली खालची पातळी वजा केली की खरं पाणी त्याहून कमी भरतं. औषध, मीठ, पाणीबदल सगळं खऱ्या पाण्यावर मोजायचं असतं. त्यामुळे पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा आणि तो आकडा झाकणाच्या आत लिहून ठेवा.

पुढच्या उदाहरणांसाठी ६० बाय ४५ बाय ४० सेंमीची टाकी धरू. दगड-वाळू घातल्यावर तिच्यात साधारण ८० लिटर खरं पाणी राहतं. उंची ४० च्या वर नको: तळाशी हात पोचत नाही आणि दिवाही जास्त ताकदीचा लागतो. मागचे कप्पे सोडून समोर किमान ३० सेंमी खोली हवी, नाहीतर दगड काचेला टेकतात आणि काच पुसायचं चुंबक मध्येच अडकतं.

कप्पे तपासताना

तिसऱ्या कप्प्याचं माप झालं. आता दुसरा. हीटरची जागा इथेच, कारण इथली पातळी हलत नाही. शंभर वॅटचा हीटर पूर्ण बुडून उभा राहील एवढी खोली आहे का, ते हीटर हातात धरून बघा. स्किमर लावायचा असेल तर कप्पा किमान १२ बाय १५ सेंमी हवा आणि स्किमरचा कप वर झाकणाला अडता कामा नये. ८० लिटरमध्ये दोन लहान मासे असतील आणि दर आठवड्याला ८ लिटर पाणी बदलणार असाल तर स्किमरशिवाय चालतं. कंपनीचा लहान स्किमर सोबत फुकट मिळतोय म्हणून टाकी निवडू नका.

पहिल्या कप्प्यात सॉक हाताने, काहीही न सोडता, बाहेर निघतो का? दर तीन-चार दिवसांनी तो धुवायचा असतो. काढायला त्रास झाला की माणूस पंधरा दिवस लांबवतो, आणि तिथे अडकलेल्या घाणीचं नायट्रेट होतं.

कंगव्याच्या फटी पाच मिमीच्या आसपास असाव्यात. रुंद असतील तर लहान मासा मागे जातो, अरुंद असतील तर शेवाळाने बुजतात. कंगवा बुजला तर काय होईल, हे दुकानातच विचारा. पंप तिसऱ्या कप्प्यातलं पाणी समोर ढकलत राहतो आणि समोरून ते मागे येत नाही. तिसऱ्यात पाच लिटर चालतं पाणी असेल आणि समोरचं क्षेत्रफळ १८०० चौरस सेंमी असेल तर समोरची पातळी पावणेतीन सेंमी चढते. काळी भिंत बाहेरच्या काचेपेक्षा दोन सेंमी बुटकी असेल तर पाणी भिंतीवरून मागेच पडतं, जमिनीवर नाही. भिंत काचेइतकीच उंच असेल तर सोफा भिजतो.

वीज गेल्यावर मात्र ऑल-इन-वनचा मोठा फायदा दिसतो. पाणी थोडं मागे उतरतं, पण सगळं एकाच पेटीत असल्याने बाहेर सांडत नाही. संपवाल्या टाकीला ही निश्चिंती नाही.

पंप हा बदलता येणारा भाग असावा. टाकीसोबत येणारा पंप बिघडला तर तेवढ्याच मापाचा दुसरा त्या कप्प्यात बसेल का, नळीचं माप नेहमीचं आहे का, हे बघा. ८० लिटरला प्रत्यक्षात तासाला ४०० ते ५०० लिटर परत यायला हवेत. पंपावर छापलेला आकडा शून्य चढाचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा, असतो, म्हणून ८०० ते १००० लिटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप घ्या. प्रवाळांना लागणारी खरी खळबळ त्याने भागत नाही. समोर १५०० ते २००० लिटरचा एक वेव्हमेकर (काचेला चुंबकाने लावायचा, पाणी ढवळणारा पंप) लागतोच, आणि त्याचं चुंबक तुमच्या काचेच्या जाडीला चालणारं हवं.

काचवाल्याकडून बनवून घ्यायची असेल तर

तयार टाकी महाग पडते किंवा हवी ती मिळत नाही, तेव्हा हा मार्ग उत्तम आहे. फक्त "ऑल-इन-वन बनवा" एवढं सांगून सोडू नका, कागदावर मापं लिहून द्या. वर धरलेल्या टाकीसाठी मापं अशी:

बाहेरची काच ६ मिमी, तळ ८ मिमी. मागची काळी भिंत अ‍ॅक्रिलिकची नको, काचेचीच करून मागून काळा रंग किंवा फिल्म. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही आणि पाण्याने ती वाकते. मागे आतून १२ सेंमी जागा. भिंतीची उंची ३८, कंगव्याच्या फटी साडेचौतीस सेंमीपासून वर, कंगव्याची रुंदी १२. पहिला पडदा तळापासून ३ सेंमी वर उचललेला. दुसरा तळाला चिकटलेला आणि ३० सेंमी उंच, हाच उंबरठा. कप्प्यांची रुंदी अनुक्रमे १६, २० आणि उरलेली सुमारे २१. असा तिसरा कप्पा अडीचशे चौरस सेंमीचा होतो, म्हणजे एका लिटरला चारच सेंमी उतार. तयार टाकीत एवढी ऐसपैस जागा क्वचित मिळते.

सिलिकॉन बुरशीरोधक औषध घातलेलं नको. बाथरूमसाठी विकतात ते असतं तसलं. काम झाल्यावर किमान आठवडाभर वाळू द्या. भरताना समोर आणि मागे एकाच वेळी पाणी चढवा. एका बाजूला पूर्ण पाणी आणि दुसरी कोरडी ठेवली तर मधल्या भिंतीवर सगळा दाब येतो आणि जोड सुटतो.

गरमी: इथे सगळ्यात जास्त टाक्या जातात

पाणी २५ ते २७ अंशांत हवं. मे महिन्यात मुंबई-ठाण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये खोलीच ३२-३३ वर जाते, आणि पंप-दिव्यामुळे टाकीतलं पाणी खोलीपेक्षा अंशभर जास्तच असतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे वर येऊन धापा टाकतात, प्रवाळ पांढरे पडतात. त्यामुळे पूर्ण बंद झाकणाची, दिवा झाकणातच बसवलेली टाकी आपल्याकडे टाळावी. उघडी टाकी, वर दिवा अधांतरी आणि मासे उडू नयेत म्हणून बारीक जाळी, हीच रचना बरी.

पंखा काम करतो तो बाष्पीभवनाने. दिवसाला एक लिटर पाणी उडालं की साधारण २८ वॅट सतत चालणाऱ्या हीटरइतकी उष्णता बाहेर जाते. कोरड्या हवेत पाणी दोन ते चार अंश उतरतं. नागपूर-अकोल्याकडे खोलीत कूलर असेल तर आणखी बरं. पुण्यात एप्रिल-मे पंख्यावर निभावतो. पण कोकणपट्टीत जूनपासून हवा इतकी दमट होते की पंखा फिरतो आणि पाणी जागेवरच राहतं. तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा चोवीस तास एसीची खोली याला पर्याय नाही, आणि हा खर्च टाकीच्या किमतीसोबतच धरायचा. चिलरला पैसे उरणार नसतील तर टाकी एक माप स्वस्तातली घ्या.

चिलरचा पाण्याचा मार्ग आधी ठरवा. त्याला वेगळा छोटा पंप दुसऱ्या कप्प्यात ठेवा आणि थंड पाणी पहिल्या कप्प्यात सोडा. दुसऱ्यातून घेऊन तिसऱ्यात सोडलंत आणि चिलरचा पंप जोरात असला तर दुसऱ्याची पातळी उतरते, हीटर उघडा पडतो. झाकणाला नळ्यांसाठी खाच आहे का बघा. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि थंड करायचं थांबतो.

पुण्या-नाशिकला डिसेंबरात उलटी अडचण, रात्री खोली १८ वर येते. ८० लिटरला शंभर वॅटचा हीटर पुरतो.

पाणी, मीठ, वीज

घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी या टाकीला चालत नाही. त्यात चवीसाठी क्षार मुद्दाम राखलेले असतात, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ५० ते १०० दाखवतं. इथे शून्य हवं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडावी लागते, आणि मीटर १-२ दाखवू लागलं की रेझिन बदलायचं. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर रेझिन फार लवकर संपतं, हा खर्चही धरा. चौपाटीवरून समुद्राचं पाणी आणू नका. त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं.

समुद्री मीठ लिटरला सुमारे ३६ ते ३८ ग्रॅम, पिशवीवरच्या सूचनेप्रमाणे. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर पांढरा साका बसतो. रात्रभर पंपाने फिरवून मग वापरा. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा मीटर ३५ ला दोनने चुकू शकतो.

बाष्पीभवन भरून काढायला ऑटो टॉप-ऑफ यंत्र, म्हणजे पातळी उतरली की आपोआप गोडं पाणी घालणारं, जवळपास आवश्यकच. सेन्सर तिसऱ्या कप्प्यात, साठ्याचा डबा दहा लिटरचा. त्याहून मोठा नको: सेन्सर अडकून सगळा डबा रिकामा झाला तरी ८० लिटरची क्षारता ३५ वरून ३१ वर येते, मासे वाचतात. नळीचं तोंड पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर सायफन होऊन डबा आपोआप रिकामा होतो. आणखी एक फसवी चूक: कंगवा किंवा स्पंज तुंबला की तिसऱ्या कप्प्याची पातळी उतरते, यंत्राला वाटतं पाणी उडालं आणि ते गोडं पाणी ओतत सुटतं. क्षारता कारणाशिवाय उतरलेली दिसली तर आधी कंगवा बघा.

प्लगच्या तारा सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. खारं पाणी विजेला फार चांगलं नेतं. भारनियमनाच्या भागात वेव्हमेकर तरी इन्व्हर्टरवर टाका. दिवा आणि हीटर बंद राहिले तर काही तास चालतं, पाणी हलायचं थांबलं तर नाही.

स्टँड आणि जागा

पाणी ८२ किलो, दगड ९, वाळू ८, काच २०, वर स्टँड. दीडशे किलोची तयारी ठेवा. पार्टिकल बोर्डाचं कपाट खाऱ्या थेंबांनी फुगतं. सुताराला आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय वापरायला सांगा. वर लेव्हल लावून बघा. सपाट तळाच्या टाकीखाली थर्माकोल किंवा फोमची शीट हवी, तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर नको. मागे हात घालून सॉक काढता येईल एवढी जागा सोडा, उन्हाच्या खिडकीपासून आणि स्वयंपाकघराच्या फोडणीच्या धुरापासून लांब.

काय ठेवणार, ते आधी ठरवा

भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामातही हाजीअली-वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, इतका हा विषय गंभीर आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणणं हा गुन्हा तर आहेच, पण ज्या गोष्टीच्या प्रेमापोटी टाकी ठेवायची तिचीच ती लूट आहे. टाकीत कोरडा किंवा सिरॅमिक दगड वापरा, ८ ते १० किलो. घाण पचवणारे जिवाणू त्यात सहा आठवड्यांत वस्ती करतात.

मग उरतात झोअँथिड (छोट्या फुलांच्या झुबक्यांसारखे दिसणारे जीव), मशरूम, झेनिया, लेदर प्रवाळ. त्यांच्यामुळे टाकीची निवडही सोपी होते. त्यांना मध्यम प्रकाश पुरतो, तळाशी ५० ते वर १५० पार (PAR, प्रवाळांना उपयोगी प्रकाशाचं माप). कॅल्शियमचं रोजचं डोसिंग लागत नाही, आठवड्याचा पाणीबदल भरपाई करतो. तेव्हा महागड्या दिव्याचे पैसे चिलरकडे वळवा. झोअँथिडना हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. काहींत पॅलीटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोअँथिड असलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतून विष फुप्फुसात जातं.

मासे म्हणून क्लाउनफिशची जोडी पुरे, तीही पैदास केंद्रातली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने क्लाउनफिशची पैदास केली आहे. असे मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात. क्लाउनला समुद्रफूल (अ‍ॅनिमोन हा प्राणी) लागतंच असं नाही, आणि छोट्या टाकीत ते चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये सापडतं. पहिलं वर्ष ते आणू नका.

घरी आल्यावर

टाकी जागेवर ठेवून साध्या नळाच्या पाण्याने भरा आणि ४८ तास खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. जोड पाझरत असेल तर कागद सांगतो. त्याच पाण्यात पंप, वेव्हमेकर, दिवा, पंखा सगळं चालू करून तीन दिवस सकाळी सहा आणि दुपारी चारचं तापमान लिहा. दुपारी साडेसत्तावीसच्या वर जात असेल किंवा दिवसभरात दीड अंशापेक्षा जास्त फरक पडत असेल तर मीठ घालू नका, आधी थंडाव्याची सोय करा. मग पंपाचा प्लग काढून पाणी कुठवर उतरतं ते बघा, पुन्हा लावा, आणि कंगव्यावर तळहात दाबून धरा. पाणी भिंतीवरून मागे पडायला हवं. तिसऱ्या कप्प्यात चालत्या पाण्याची सगळ्यात वरची पातळी कायमच्या मार्करने बाहेरून आखून ठेवा, त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही.

एवढं झालं की साधं पाणी काढा, खारं पाणी, दगड आणि ३ सेंमी वाळू घाला, जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) आणा आणि रोज मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर येऊ लागले की अर्धं पाणी बदला आणि पहिला झोअँथिड आणा. मासे त्यानंतर दोन आठवड्यांनी.